गाडीच्या नाकाचा साचा

डॉक्टर अटिंग यांनी बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर उसन्या आणलेल्या गाडीच्या नाकावर, म्हणजे पुढच्या भागावर, फायबरग्लासचा साचा चढवला. गुरुवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते तो उतरवायला गॅरेजमध्ये गेले, तेव्हा साचा उतरेना.

सुरुवातीला त्यांना त्याचं काही वाटलं नाही. छत्तीस वर्षं त्यांनी इंग्लंडमधल्या नॉरफकच्या त्या कोपऱ्यातल्या माणसांचे दात काढले होते, आणि पहिल्या झटक्यात न येणाऱ्या वस्तूंची त्यांना सवय होती. त्यांनी कप बाकावर ठेवला, बाह्या सारल्या आणि दोन्ही हातांनी साचा धरून हलवला. साच्याबरोबर सगळी गाडी हलली.

निवृत्त झाल्यावर गावातली माणसं गुलाब लावत किंवा बोट घेत. अटिंग यांनी १९६८ सालची एक दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी घेतली होती. आधीच्या मालकानं ती भिंतीला घातली होती, त्यामुळे तिला नाक असं उरलंच नव्हतं. या गाड्यांचं सगळं अंग फायबरग्लासचं. तिथे पत्रा ठोकून सरळ करणं वगैरे नाही. काचतंतूंच्या मॅटचे तुकडे रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून एकावर एक बसवायचे आणि गेलेला भाग नव्यानं घडवायचा. ही विद्या शिकायला ते दर मंगळवारी ब्रेंडा लार्टर यांच्या कोठारात जात. ब्रेंडाबाईंनी नदीकाठच्या बोटींच्या कारखान्यात तीस वर्षं हेच काम केलं होतं. त्यांच्या हाताखाली अटिंग यांनी चार महिन्यांत एक घमेलं तयार केलं होतं. ते गळत नव्हतं, एवढंच त्याचं कौतुक.

नाकासाठी साचा हवा, आणि साच्यासाठी कुणाचं तरी शाबूत नाक हवं. पंचक्रोशीत तशी एकच गाडी होती, डेस्मंड गेज यांची. गेज जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष होते आणि अस्सलपणाच्या बाबतीत फार कडक होते. कुणी एक स्क्रू जरी नव्या पद्धतीचा लावला, तरी त्याला मंडळाचा बिल्ला मिळत नसे. त्यांची स्वतःची गाडी कारखान्यातून आली तशी होती. नाकाच्या डाव्या बाजूच्या वळणावरून पाहुण्यांचा हात फिरवून घेत ते सांगायचे, ‘याला म्हणतात कारखान्याचा हात.’ अशा माणसानं गाडी उसनी दिली, कारण चोवीस वर्षं ते अटिंग यांचे पेशंट होते. ज्यानं आपल्याला आ वासून रडताना पाहिलंय, त्याला नाही म्हणणं अवघड असतं.

त्यांनी दोन अटी मात्र घातल्या. रविवारी गावच्या हॉलच्या मैदानावर वार्षिक मेळावा होता, म्हणून गाडी शनिवारी संध्याकाळपर्यंत परत हवी. आणि अटिंग यांनी नाक जसंच्या तसं करायचं, त्यात आपली अक्कल चालवायची नाही. अटिंग यांच्या मनात तर गाडीचं तोंड दोन बोटं रुंद करायचं आणि दिवे काचेखाली घ्यायचे असं कधीपासून होतं. तरी त्यांनी मान डोलावली. उद्यापासून गोड बंद, असं सांगताना त्यांचे पेशंट डोलवायचे तशी.

ब्रेंडाबाईंनी त्यांना तीन वेळा बजावलं होतं. साचा चढवण्याआधी मेणाचे सात हात द्यायचे, प्रत्येक हात वाळवून घासायचा, मगच पुढचं. एवढं सांगून त्या आठवड्यासाठी बहिणीकडे लोस्टॉफ्टला निघून गेल्या. इकडे अटिंग यांना सात हे जरा अतीच वाटलं. आयुष्यभर त्यांनी तोंडांची मापं घेतली होती, प्लास्टरवर प्लास्टर ओतलं होतं. मध्ये साबणाच्या पाण्याचा एक हात दिला की दोन्ही कसे सुटे व्हायचे. तत्त्व तेच. त्यांनी आधी डॉक्टरी स्वच्छतेनं सगळं नाक स्पिरिटनं पुसून काढलं, म्हणजे गेज यांनी तीस वर्षं दर रविवारी चढवलेलं पॉलिशही गेलं. मग साबण लावला, तो वाळून उडून गेला, आणि त्यावर रेझिन बसलं.

गुरुवारी त्यांनी लाकडी पाचरी ठोकून पाहिल्या. मग गरम पाणी ओतलं, मग गार, मग पुन्हा गरम. दुपारी त्यांची बायको हिलरी केस वाळवायचं यंत्र शोधत गॅरेजमध्ये आली, तर ते गाडीच्या तोंडात घरघरत होतं. तिनं सगळं नीट पाहून घेतलं.

“तुझ्या एखाद्या पेशंटचं माप असं तोंडातच राहिलं होतं का रे?” तिनं विचारलं.

“पेशंट मदत करायचे,” अटिंग म्हणाले.

संध्याकाळी गेज यांचा फोन आला. गॅरेज कोरडं आहे ना, तिला दमट सोसत नाही, असं त्यांनी विचारलं. ती अगदी आरामात आहे, असं अटिंग यांनी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. शुक्रवारी शेजाऱ्यांनी चाकात हवा भरायचा पंप आणला. साच्याच्या कडेतून हवा आत सोडली, तेव्हा फाट्‌कन आवाज झाला आणि दोघांनी हात मिळवले. नंतर पाहिलं, तर पंपाची नळी निसटली होती. त्या संध्याकाळी पुन्हा गेज यांचा फोन वाजला, तेव्हा अटिंग बागेत जाऊन उभे राहिले. फोन हिलरीनं घेतला आणि गाडी व्यवस्थित आहे, असं सांगितलं: “तिच्या तोंडाला लेप लावलाय.”

रात्रीचं जेवण टाळून अटिंग यांनी लोस्टॉफ्टला फोन केला. ब्रेंडाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. साबण हा शब्द त्यांनी दोनदा वदवून घेतला.

शनिवारी पहिल्या बसनं त्या आल्या. कोट न काढताच त्यांनी रबरी हातोडा मागितला आणि साच्यावर हलकेच टिचक्या मारत, कान लावून, त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकू लागल्या. उजव्या बाजूला आवाज एकसारखा येत होता. तिथे त्यांनी पातळ पाचरी सरकवल्या, थेंब थेंब पाणी सोडलं, आणि तासाभरात तेवढी बाजू कुरकुरत सुटी झाली. अटिंग यांना बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. मग त्या डाव्या बाजूला आल्या. तिथे आवाज बदलला, जड, बद्द झाला. ब्रेंडाबाईंनी पुन्हा टिचकी मारली, गाडीकडे पाहिलं, आणि हातोडा खाली ठेवला.

“ही गाडी गेजसाहेबांची?” त्यांनी विचारलं. अटिंग हो म्हणाले. “मग या बाजूला हात लावू नका, डॉक्टर. मला जरा विचार करू दे.”

विचार करायला त्या खुर्चीवर बसतात न बसतात, तोच बाहेर खडीवर सायकल वाजली. संध्याकाळपर्यंत धीर न धरवल्यामुळे गेज सकाळीच आले होते. अटिंग यांचं डोकं बंद पडलं. एकच बाजू उरली होती आणि हातात पाचर होती. त्यांनी ती घातली आणि ठोकली.

साचा आला. त्याच्याबरोबर गाडीच्या नाकाचा डावा भागही आला, दिव्याच्या खोबणीपासून तोंडाच्या कडेपर्यंत, कातरल्यासारख्या सरळ रेषेत.

गेज दारात उभे होते. सायकल चालवताना पँटला लावतात ते चिमटे अजून त्यांच्या घोट्यांना होते.  छत्तीस वर्षांच्या सवयीनं अटिंग एवढंच म्हणाले, “बसून घ्या.” त्यांनी स्टूल पुढे केलं आणि गेज खरंच बसले.

बऱ्याच वेळानं ते उठले आणि तुटलेल्या कडेवर बोट फिरवू लागले. गाडीचं मूळ अंग आतून करड्या रंगाचं होतं. तुटलेला तुकडा मात्र हिरवट होता.

“हे कारखान्याचं काम नाही,” गेज हळूच म्हणाले. तो आरोप नव्हता. तीस वर्षांचा जाणकार बोलत होता.

“नाही,” ब्रेंडाबाई म्हणाल्या. “हिरवा आमच्या बोटींचा रंग. शहाऐंशी सालचा मे महिना. तुम्ही तेव्हा गावात नव्हता.”

“ग्लासगोला होतो. गिअरबॉक्स आणायला.”

मग ब्रेंडाबाईंनी सांगितलं. गेज यांची बायको ॲव्हिस, जी वारून आता सहा वर्षं झाली होती, त्या आठवड्यात नवऱ्याला न विचारता गाडी घेऊन निघाली आणि फाटकाच्या खांबावर आदळली. नाकाचे तुकडे धुण्याच्या टोपलीत भरून ती बोटींच्या कारखान्यात आली. ब्रेंडाबाई म्हणाल्या, ठेवून जा, मी करते. ॲव्हिस ऐकेना. दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घेतली नाही, असं उद्या शपथेवर सांगता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. नऊ दिवस ती दहाच्या बसनं यायची, अंड्याचे सँडविच घेऊन, आणि उलट्या घातलेल्या होडीवर बसून शिकायची. एकदा तिचे केस रेझिनमध्ये गेले, ते कानापाशी कापावे लागले.

“केस,” गेज म्हणाले. “मला म्हणाली होती, जरा बदल हवा होता. मी म्हणालो, छान दिसतात.”

“छान दिसत नव्हते,” ब्रेंडाबाई म्हणाल्या.

गेज यांनी मग ती बाजू कुठून कुठपर्यंत तिची, असं विचारलं. ब्रेंडाबाईंनी त्यांचं बोट धरून रेषेवरून फिरवलं. तेच वळण. याच वळणावरून त्यांनी तीस वर्षं लोकांचे हात फिरवले होते, दर रविवारी पॉलिशचं फडकं फिरवलं होतं. मेळाव्यात ते कौतुक ऐकताना ब्रेंडाबाईंना दोनदा आइस्क्रीम खात दुसरीकडे बघावं लागलं होतं.

नुकसान किती झालंय ते तरी पाहावं, म्हणून अटिंग दातांच्या हत्यारांची जुनी पेटी घेऊन गाडीखाली आडवे झाले. दात तपासायचा छोटा आरसा त्यांनी नाकाच्या आतल्या बाजूला धरला आणि तसेच थांबले. उरलेल्या हिरव्या थराच्या शेवटच्या पारदर्शक पदराखाली एक कागद होता, त्यावर पेन्सिलीनं काही लिहिलेलं. आरशात अक्षरं उलटी दिसत होती, पण आरशात पाहून काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते त्यांच्याशिवाय कुणाला वाचता येणार नव्हतं. दुसऱ्याचं पत्र मोठ्यानं वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

“डेस,” त्यांनी वाचलं, “तू हे वाचतोयस म्हणजे या खेपेला गाडी तू ठोकलीस. तेव्हा फिटंफाट. आता ओरडू नकोस. ॲव्हिस.”

गेज पुन्हा स्टुलावर बसले.

“मी नाही ठोकली,” ते म्हणाले.

अटिंग गाडीखालीच राहिले. वर यायची ती वेळ नव्हे, एवढं त्यांना कळत होतं.

रविवारी मेळाव्याच्या फाटकाशी अध्यक्षांची गाडी नव्हती. अध्यक्ष सायकलवर आले होते. ब्रासचे स्क्रू लावायच्या जागी स्टीलचे लावलेल्या एका शाळामास्तराला त्यांनी न बोलता बिल्ला देऊन टाकला. त्यावर मंडळात दोन आठवडे चर्चा झाली.

मंगळवारी ते ब्रेंडाबाईंच्या कोठारात हजर झाले. अंगात दुकानातल्या घड्या न मोडलेला डगला. नाक दुरुस्त करून देण्याचा अटिंग यांनी आग्रह धरला होता, पण त्यांनी मानला नाही. हे आपलं आपण करायचं म्हणाले. त्यांच्या हाताला काही ते काम जमणारं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी दोन ब्रश आणि एक बाही कायमची चिकटवली, आणि अटिंग यांना आपलं घमेलं एकदम बरं वाटू लागलं. पण गेज दर मंगळवारी येत राहिले. मध्येच एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या मनात गाडीचं तोंड रुंद करायचं होतं ना? हे गुपित हिलरीनं फोडलेलं दिसत होतं. अटिंग यांनी घाईघाईनं विषय बदलायचा प्रयत्न केला.

“करा की,” गेज म्हणाले. “गाडी तुमची आहे.”

सहाव्या मंगळवारी डाव्या बाजूचा शेवटचा थर बसवायचा होता. जुन्या कागदाला कुणी हात लावला नव्हता. नवा जोड त्याच्या कडेपर्यंत नेऊन थांबवला होता. गेज यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला, सरळ केला आणि जुन्या कागदाशेजारी उपडा ठेवला. ब्रेंडाबाईंनी रेझिन घट्ट करणारं हार्डनर मोजण्यात लक्ष घातलं. गेज यांनी कागदावर मॅट पसरली आणि ब्रशनं रेझिन सोडलं.

रेझिन मुरलं की पांढरी मॅट काचेसारखी होते आणि साधा कागदही पारदर्शक होतो. अटिंग पाहायचं नाही असं ठरवून उभे होते. पण पेन्सिलीची अक्षरं एकेक करून वर आली, उलटी, आणि उलटं वाचण्याची त्यांच्या डोळ्यांना सवय होती.

‘मी नाही ठोकली. अटिंगनं साबण लावला. तरी फिटंफाट. केस खरंच छान दिसत होते.’

अटिंग यांच्या हातातला रोलर तसाच राहिला. गेज खिडकीबाहेर नदीकडे बघत होते.

“डॉक्टर,” ब्रेंडाबाई म्हणाल्या, “वाचत काय बसलात? घट्ट होतंय. बुडबुडे काढा.”