दोन माणसांचा तंबू

जयवंत तोरस्करने गणपतीत सलग तीस वर्षं दर्शनाची रांग सांभाळली होती. लाखभर माणूस एका शिट्टीसरशी डावीकडून उजवीकडे वळवणारा हा गडी! त्याला दोन माणसांची सहल काढायला कितीसा वेळ लागणार? "दोनच तर माणसं!" दाढी करताना तो आरशाला म्हणाला. "डाव्या हाताचा मळ!"

दोन माणसं म्हणजे तो आणि त्याची बायको कमल. लग्नाला मे महिन्यात पंचवीस वर्षं होत होती. लग्नानंतर दोघं फिरायला म्हणून कणकवलीला मामाकडे गेले, तेव्हा बरोबर अकरा माणसं होती. तिथे एका संध्याकाळी तळ्याकाठी जयवंत कमलला काहीतरी सांगणार, एवढ्यात मामा म्हशी धुवायला घेऊन आले. ते वाक्य राहिलं ते राहिलंच. पुढे काळाचौकीच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, आई-वडील, मग मुलगी, आणि दिवसभर सताड उघडं दार. आई-वडील गेले, मुलगी अनुजा नोकरीला पुण्याला गेली, तरी दार उघडंच! कधी कुणाला दोन मिरच्या हव्या, कधी कुणाला वायफायचा पासवर्ड.

म्हणून त्याने गुपचूप बेत आखला. कर्जतच्या पलीकडे एका तलावाकाठी कॅम्पिंग! तंबू, होडी आणि फक्त कमल. सरप्राइज म्हणून तिलाही सांगितलं नव्हतं. तलावाकाठी ते राहिलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

पण चाळीतून दोन दिवस बाहेर जायचं तर एक गोष्ट चुकत नाही. पाणी संध्याकाळी पाच ते सहा येतं. प्रत्येकाचा नळ आणि पिंप दाराबाहेर गॅलरीत. ते भरायला शेजाऱ्याला सांगावंच लागतं.

"वैशालीवहिनी, शनिवार-रविवार आमचं पिंप भराल?"

"भरते की! कुठे चाललात?"

या प्रश्नाची जयवंतने तयारीच केली नव्हती. दर्शनाच्या रांगेत असलं कोणी विचारत नाही!

"ते... कमलच्या बहिणीच्या नणंदेचा साखरपुडा आहे."

पाच मिनिटांत वैशाली कमलच्या दारात. "काय गं, साखरपुड्याला साडी कुठली नेसणार?"

"कुणाच्या साखरपुड्याला?"

"तुझ्या बहिणीच्या नणंदेच्या!"

"तिच्या? अगं, तिची दोन मुलं कॉलेजात आहेत!"

झालं! जयवंत बायकोपासून लपवून कुठेतरी जातोय, ही बातमी दुपारपर्यंत मजल्यावरच्या अकराही खोल्यांत पोचली. संध्याकाळी मंडळाचा सेक्रेटरी रमाकांत त्याला समजवायला आला. लहानपणचा दोस्त तो, त्याने नाही बोलायचं तर कोणी?

"जयवंता, या वयात हे शोभतं का रे?"

"काय शोभतं का?"

"ते तू सांग! आणि हा तुझा खोका पार्सलवाला माझ्याकडे ठेवून गेला."

खोक्यावर हे एवढं मोठं चित्र! निळा तंबू, तलाव, होडी आणि हातात हात घेतलेलं जोडपं. मागे उभ्या असलेल्या सगळ्या मजल्याने ते डोळे भरून पाहिलं. कमलनेही पाहिलं. "अगंबाई!" म्हणून ती लाजून आत पळाली.

"दोघंच चाललात?" रमाकांतचा चेहरा पडला. "आणि आम्ही काय पाप केलंय?"

रात्रीची जेवणं होण्याआधीच कॅरमच्या टेबलाभोवती मीटिंग बसली. होडी समिती झाली, जेवण समिती झाली, लाइफ जॅकेट समिती झाली. पंचेचाळीस सीटची बस ठरली. ज्याची सहल त्या जयवंतला एकमताने गर्दी नियंत्रण प्रमुख नेमण्यात आलं! तो हात जोडून उभा राहिला. दुसरं करणार काय?

मग वैशालीने विचारलं, "पण सगळेच चाललो तर अकरा पिंपं भरणार कोण?"

जो तो छताकडे बघू लागला.

"आम्ही थांबतो," कमल म्हणाली.

जयवंतने कपाळावर हात मारला.

शनिवारी सकाळी मोरया म्हणत बस सुटली. पुढच्या सीटवर टोकाच्या खोलीतले ऐंशी वर्षांचे अप्पा टोपी घालून बसले होते. जयवंत पाय आपटत वर आला.

"आयुष्यात एक बेत केला मी! आणि तू, चक्क तू..."

"अहो, जरा ऐका."

"काय ऐकू?"

"काही ऐकू येतंय का?"

काहीच येत नव्हतं. मिक्सर नाही, सिरियल नाही, कुणाची हाक नाही. दहा दारं बंद होती. त्यातल्या नऊ दारांना कुलूप होतं, आणि अप्पांचं नुसतं ओढलेलं. ते कुलूप कधी लावतच नसत.

"दोघांनाच राहायचं होतं ना?" कमल हसली. "मग जाऊ दे की त्यांना!"

जयवंत बघतच राहिला. तीस वर्षं शिट्टी फुंकून त्याला जे जमलं नव्हतं, ते या बाईने दोन शब्दांत केलं होतं. त्याला तिचं फार फार कौतुक वाटलं.

मग त्याला चेव चढला. गॅलरीच्या टोकाला, अप्पांच्या खोलीपुढे, पाणी वाहून जायची जाळी असते तिथे जागा जरा ऐसपैस होती. तिथे त्याने कठड्याला दोऱ्या बांधून तंबू ठोकला. चार तास लागले, पण ठोकला! पाच वाजता पाणी आलं. "एकेक पिंप कोण भरत बसणार? मॅनेजमेंट पाहिजे!" म्हणत त्याने अकराही नळ एकदम सोडले आणि तो तंबूत शिरला. कमलने चहा आणि कांदाभजी आणली होती.

"कमल, तेव्हा त्या तळ्याकाठी मी तुला..."

"मामा म्हशी घेऊन आले तेव्हा?"

"तुला आठवतं?"

"पंचवीस वर्षं वाट बघतेय."

जयवंतला घाम फुटला. त्याने पाणी पिऊन पुन्हा सुरुवात केली, पण गाडी म्हशींवरून मामांवर गेली, मामांवरून आंब्यांवर. दोघं इतकी हसली, इतकी बोलली की घड्याळाकडे बघायचं राहूनच गेलं. शेवटी जयवंतने तिचा हात हातात घेतला आणि तो काहीतरी पुटपुटला.

"अहो," कमल म्हणाली, "खाली गार का लागतंय?"

जयवंतने चेन उघडून डोकं बाहेर काढलं. समोर तलाव! भरून वाहणारी अकरा पिंपं, आणि जाळीवर मांड ठोकून बसलेला तंबू. चपला तरंगत होत्या, रमाकांतच्या दारातला पाट होडीसारखा डुलत होता. खालून पहिल्या मजल्यावरून आरोळी आली, "अरे, वर धरण फुटलं का?"

जयवंत नळ बंद करायला धावला, तंबूच्या दोरीत अडकला आणि पाण्यात सपशेल आडवा झाला. कमल हसून हसून रडायला लागली. तेवढ्यात अप्पांचं दार करकरलं आणि अप्पा बाहेर आले!

"अप्पा, तुम्ही? बसमध्ये होतात ना?"

"माका बस लागता. शीवाक उतरलंय नि टॅक्सीन परत इलंय. सकाळपासून आत पडलंय."

"सकाळपासून? म्हणजे तुम्ही सगळं..."

"सगळा खंय! आंब्यांपर्यंत ऐकलंय. पुढचा तू पुटपुटलंस. आता मोठ्यान सांग बघू!"

पहिल्या मजल्यावरची माणसं बादल्या घेऊन जिन्यात येऊन उभी राहिली होती. कमल पदराने डोळे पुसत त्याच्याकडे बघत होती. जयवंत निथळत उठला. त्याने डोळे मिटले आणि रांगेवर ओरडायचा तसा ओरडला, "कमल, तू मला पहिल्या दिवसापासून फार आवडतेस!"

जिन्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. कमल कानापर्यंत लाल झाली.

"ऐकलं हो," ती म्हणाली. "आता तो तंबू जाळीवरून उचला आधी!"