सतरा पिवळे शर्ट

फिलिपिन्समधल्या कामिगिन बेटावर गावं पाच आणि ज्वालामुखी सात. त्या सातांपैकी कुठला कधी भडकेल ते देवालाही सांगता यायचं नाही, पण आपली सहल मात्र मिनिटभरसुद्धा इकडची तिकडे होणार नाही, असं देन्सियो छातीठोकपणे सांगायचा. बेचाळीस वर्षं त्याने या बेटाभोवती जीपनी हाकली होती. समोरासमोर दोन लांब बाकडी, मागून चढायचं, मागून उतरायचं, आणि पुढे चालकाच्या जागी देन्सियो!

"बेचाळीस वर्षं!" तो म्हणायचा. "किती खानदानं फिरवली, हिशेब नाही. पण हरवलं? एक पोर नाही की एक चप्पल नाही!"

"चप्पल हरवली होती," त्याची बायको लुदी म्हणायची. "माझीच होती."

"चप्पल म्हणजे माणूस नव्हे!"

यंदा मात्र सहलीला वेगळंच वजन आलं होतं. लेक आर्लीन नऊ वर्षांनी दुबईहून आली होती. बरोबर नवरा रोडेल, त्याची आई, भाऊ, भावजय, आणि दोन नातवंडं, बारा वर्षांचा क्लिंट आणि आठ वर्षांची जॅझेल. आदल्या संध्याकाळी जेवताना जावईबापू सहज बोलून गेले की पुढच्या सुट्टीत सिंगापूरला जायचा विचार आहे. तिथे पाण्याच्या मोठमोठ्या घसरगुंड्या आहेत, मुलांना आवडेल, आणि मुलंच काय ते ठरवतील. देन्सियोने हातातला घास खाली ठेवला. नऊ वर्षांनी आलेली लेक, आणि आता एका घसरगुंडीपायी पुन्हा कधी येईल कोण जाणे!

म्हणजे हाताशी एकच दिवस होता. त्या दिवसात मुलांना बेटाचं वेड लावायचं होतं.

वेड लागणार यात त्याला शंका नव्हती. आर्लीन लहान होती तेव्हाचं त्याला सगळं आठवत होतं. पहाटे लुदी नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा करायची, भाताचं अख्खं पातेलं चादरीत गुंडाळून जीपनीत चढवायची. थंड झऱ्यात पोरं ओठ निळे होईपर्यंत डुंबायची आणि बाहेर ओढलं की भोकाड पसरायची. परतताना आर्लीन त्याच्या मागच्या बाकड्यावर गुडघे टेकून, त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरून झोपून जायची. कॉलर धरलेली असल्यामुळे त्याला मान वळवता यायची नाही, आणि त्याने ती कधी सोडवूनही घेतली नव्हती. त्या दिवसांची आठवण आली की देन्सियोला अजून मानेशी काहीतरी ओढल्यासारखं वाटायचं.

तयारी तशी आधीचीच होती; आदल्या आठवड्यातच त्याने, गावातले भाऊबंद धरून, गावच्या छपाईवाल्याकडून सतरा शर्ट करून घेतले होते. पिवळे धमक! पुढे लान्झोनेस फळाचा घड, मागे खानदानाचं नाव.

"हे कशाला?" लुदीने विचारलं.

"लांबून ओळखू यावेत म्हणून! या शर्टात माणूस हरवणं अशक्य!"

आठवडा लान्झोनेसच्या उत्सवाचा होता. अख्ख्या बेटाने पिवळे शर्ट शिवले होते आणि बहुतेकांवर फळांचा तोच घड होता, कारण छपाईवाल्याकडे साचा एकच होता. ही गोष्ट देन्सियोच्या ध्यानात आली नाही.

सहल निघाली. पण पोरं काही केल्या खुलेनात! गरम झऱ्यावर क्लिंट म्हणाला, "पाणी गरम आहे." धबधब्यावर जॅझेल म्हणाली, "ओलं होतंय." जुन्या चर्चच्या पडक्या भिंतींपाशी देन्सियोने लाव्हा कसा आला, गाव कसं पळालं, हे हातवारे करून सांगितलं. स्वतःच्याच अंगावर काटा आणला. क्लिंटने फोनमधून मान वर काढून आजोबांना विचारलं, "लोलो, इथे वायफाय आहे?"

थंड झऱ्यावर तर कहर झाला. दोघांनी पायाचा अंगठा बुडवला, किंचाळले आणि टॉवेलात गुंडाळून बसले. शेजारच्या झोपडीत दुसरं एक खानदान जेवत होतं, पिवळ्याच शर्टात. त्यांची पोरं मात्र पाण्यात नुसता धिंगाणा घालत होती. देन्सियोला पहिल्यांदाच परक्याच्या पोरांचा हेवा वाटला.

"चला!" तो खट्टू होऊन म्हणाला. "समुद्रातलं बुडालेलं कब्रस्तान बघू. सगळे आत बसा. मी मोजतो!"

मागच्या दारात उभा राहून त्याने बोट नाचवत डोकी मोजली. उन्हामुळे निम्म्यांनी पाठीवर टॉवेल घेतले होते, पण शर्ट कसे झगझगीत दिसत होते! स्वतःला धरून बरोबर सतरा. एकाने कमी नाही, एकाने जास्त नाही. त्याने समाधानाने गाडी सुरू केली. शेजारची जागा रिकामी होती. तिथे नेहमी त्याची आई, चौऱ्याऐंशी वर्षांची लोला मेनिंग, म्हणजे मेनिंगआजी, बसायची. 'पतवंडांजवळ मागे बसली असेल,' तो मनात म्हणाला आणि हळवा झाला.

मागच्यांना वाटलं, मेनिंग नेहमीसारखी पुढे असेल. मागे पतवंडांजवळ एक म्हातारी बसली होती हे खरं. पिवळा शर्ट, खांद्यावर टॉवेल, पांढराशुभ्र अंबाडा, चेहऱ्यावर गोड हसू. ती चढली तशी लहान-मोठ्या सगळ्यांनी रीतीप्रमाणे पाळीपाळीने वाकून तिचा हात कपाळाला लावला. लुदीने नीट बसायला उशी दिली, रोडेलच्या भावजयीने पास्तेलचा गोड पाव दिला, रोडेलने पंखा दिला. आर्लीन एवढी मात्र दाराशी बसून बाहेर बघत होती.

"तुमच्याकडच्या आत्या का हो?" थोड्या वेळाने भावजयीने लुदीच्या कानात विचारलं.

"नाही बाई, मला वाटलं तुमच्याकडच्या!"

"आमच्याकडच्या? मग रोडेलला माहीत असेल."

रोडेल म्हणाला, "मी तर समजलो सासऱ्यांची कुणी मावशी असेल."

आता वडीलधाऱ्या बाईला, तिचा हात कपाळाला लावून झाल्यावर आणि तिने अर्धा पाव खाल्ल्यावर, 'आजी, तुम्ही कोण?' असं कोणी विचारतं का? आयुष्यभर शरमेने मान वर करता यायची नाही! तेव्हा सगळ्यांनी तिला दुसरा पाव दिला.

कब्रस्तानापाशी देन्सियोने सगळ्यांना कठड्याशी उभं केलं. मागे समुद्रातला मोठा क्रूस, पुढे खानदान. "नानायना मधोमध बसवा!" तो आईसाठी ओरडला आणि फोन डोळ्यांसमोर धरला.

धरलेला फोन हळूहळू खाली आला.

"ही कोण?"

"कोण म्हणजे?" लुदी म्हणाली. "तुझी कोण?"

"माझी कोणी नाही! माझी आई कुठाय?"

सोळा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सोळा जणांनी म्हातारीकडे पाहिलं. तीसुद्धा उत्सुकतेने इकडे तिकडे पाहू लागली.

"लोला," आर्लीनने अदबीने विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"

"मी पेरिंग," म्हातारी म्हणाली. "बुकिदनोनहून आले, समुद्रापलीकडून. तुम्ही आमच्या सुनेच्या माहेरची मंडळी ना? फार चांगली माणसं हो! माझ्या सुनेबद्दल उगाच माझा गैरसमज होता."

तिचा टॉवेल सरकला. पाठीवर भलत्याच खानदानाचं नाव होतं.

देन्सियोच्या तोंडचं पाणी पळालं. बेचाळीस वर्षं! आणि हरवली ती कोण, तर जन्मदाती! "बसा!" तो ओरडला. "सगळे बसा! थंड झऱ्यावर!"

आणि इथे एक नवल झालं. क्लिंटने फोन खिशात घातला. मागच्या पायरीवर उभा राहून, दांडीला लटकून, तो समोरून येणारी प्रत्येक गाडी तपासू लागला. जॅझेल त्याच्या कमरेला धरून किंचाळत होती, "पिवळे! पिवळे आले!" पण उत्सवात काय कमी पिवळे? दुचाकीवर पिवळे, टेम्पोत पिवळे, एका मिरवणुकीत तर दोनशे पिवळे नाचत होते. आर्लीनने खाली उतरून त्यातली प्रत्येक म्हातारी बघितली. तीन म्हाताऱ्यांनी तिला आशीर्वाद दिला. लोला पेरिंग मात्र पुढच्या सीटवर बसून मजेत टाळ्या वाजवत होती.

वाटेत समोरून एक भरगच्च जीपनी आली. सगळे पिवळे, सगळे गात होते. चालकाच्या शेजारून एक म्हातारी दोन्ही हात हलवत होती. उत्सवात सगळेच सगळ्यांना हात करतात. तेवढ्या काळजीतही देन्सियोने रीत सोडली नाही. त्याने हॉर्न वाजवला, हात हलवला आणि जीपनी भरधाव पुढे काढली.

"लोलो," क्लिंट मागून ओरडला, "ती लोला मेनिंग होती!"

"गप रे! माझ्या आईला मी ओळखत नाही?"

झऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. रखवालदार पाचोळा झाडत होता. तो म्हणाला, "ती मंडळी? आत्ताच गेली कब्रस्तान बघायला. पुढे एक म्हातारी बसली होती, शेजारच्या चालकाला जीपनी कशी चालवायची ते शिकवत होती."

ती मेनिंगच होती. बेटावर असा छळ दुसरी कुणी करत नव्हती.

पुन्हा उलटी दौड! देन्सियोच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते येत होतं. भेदरलेली आई. उपाशी आई. कठड्यावर एकटी, समुद्राकडे बघत रडणारी आई. त्याने मनातल्या मनात तिची चार वेळा क्षमा मागितली आणि पाचव्यांदा मागताना गाडी कब्रस्तानापाशी उभी केली.

आई सापडली. कठड्यामागच्या खानावळीत, हातात माईक घेऊन! समोर डुकराच्या कुरकुरीत कातड्याचं ताट, गळ्यात फुलांची माळ, आणि भोवती तीसेक अनोळखी माणसं ताल धरून बसलेली.

"नानाय!" देन्सियो धावला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"थांब जरा," लोला मेनिंग माईकमधूनच म्हणाली. "अजून एक कडवं आहे."

कडवं संपलं. टाळ्या पडल्या. मग ती लेकाकडे वळली. "मी मघाशी रस्त्यात हात केला, तूही केलास. हॉर्नसुद्धा वाजवलास! मला वाटलं तुला माहितीये."

"पण परक्यांच्या गाडीत बसलातच कशा?"

"पिवळे शर्ट होते. सगळ्यांनी हात कपाळाला लावला. विचारलं, 'लोला, गाणार का?' म्हटलं ही आपलीच नवी पोरं असणार, दुबईची. घरात नऊ वर्षांत कुणी गायला सांगितलं नाही, म्हटलं दुबईत बरे संस्कार झाले!"

पलीकडच्या खानदानाला आपली पेरिंग हरवल्याचा पत्ताच नव्हता. त्यांचीही मोजणी बरोबर आली होती! त्यांचा थोरला लेक कान धरून माफी मागू लागला, देन्सियो त्याची माफी मागू लागला, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून शर्टाचं कापड चाचपत बसल्या. ताटं एकत्र झाली. भाताचं पातेलं जीपनीतून उतरलं. समुद्रावर ऊन कलतं होऊन क्रूसाची सावली लांब पडली होती.

देन्सियो एका बाजूला बसून राहिला. आर्लीन येऊन शेजारी बसली.

"वाटोळं केलं मी दिवसाचं," तो म्हणाला. "बेचाळीस वर्षांत एकदाही..."

आर्लीनला हसू आवरेना. "ताताय, मी सहा वर्षांची असताना तुम्ही मला थंड झऱ्यावर विसरला होतात."

"काहीतरीच! कॉलर धरून बसायचीस की तू!"

"त्या दिवशी नाही धरली. मधल्या वाटेत आमच्या नानायच्या लक्षात आलं. तिने मामाला पास्तेल आणायच्या निमित्ताने दुचाकीवरून परत धाडलं. तुम्हाला कळलं तर तुम्ही सहलीच बंद कराल म्हणाली. म्हणून कुणीच बोललं नाही."

देन्सियोने लुदीकडे पाहिलं. लुदी घाईघाईने भात वाढू लागली. पाणी, झाडी आणि सहा वर्षांची लेक!

"घाबरली होतीस?"

"थोडीशी. मग एक किपिंगचे पापड विकणारी बाई आली. मांडीवर घेतलं, गूळपाक लावून किपिंग भरवलं. दोन तास मी तिचीच मुलगी होते. ताताय, बाकीच्या सगळ्या सहली माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या. ही एक नाही. दुबईत कधी फार एकटं वाटलं ना, की मी त्या बाईलाच आठवते." तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तेवढ्यात क्लिंट धापा टाकत आला. "पापा, सिंगापूरला लोक हरवतात का?"

"छे!" रोडेल म्हणाला. "मनगटाला पट्टा बांधतात. हरवणं शक्यच नाही."

पोरांनी एकमेकांकडे अशा नजरेने पाहिलं, की सिंगापूरच्या घसरगुंड्या तिथल्या तिथे बुडाल्या.

"मग काय मजा!" क्लिंट म्हणाला. "पुढच्या वर्षी इथेच यायचं. आणि पुन्हा कुणालातरी विसरायचं!"

"कुणाला?" जॅझेलने विचारलं. "मत घेऊ या!"

क्लिंटने देन्सियोकडे बोट दाखवलं, आणि दोन्ही खानदानांचे हात वर गेले. सगळ्यांत आधी लोला मेनिंगचा, त्यामागोमाग लुदीचा.

देन्सियोने सवयीने बोट नाचवत वर झालेले हात मोजले. मग हळूच स्वतःचाही एक वर केला.

"हरकत नाही," तो म्हणाला. "फक्त थंड झऱ्यावर नको हं. विसरायचंच असेल तर मला गरम झऱ्यावर विसरा. गुडघे फार दुखतात."