एकीची ढेप

देश एक आहे हे सिद्ध करायचं तर त्यात किती प्रकारची माणसं राहतात याची पक्की यादी आधी हाताशी लागते. यादीशिवायची एकी म्हणजे पावतीशिवायचा माल. असेलही खरा, पण चारचौघांत दाखवणार कसा? हे तत्त्व ओळखून सन एकोणीसशे सदतीसच्या दिवाळीत बारामतीस 'राष्ट्रीय ऐक्य संवर्धक मंडळ' स्थापन झालं. पहिल्या चार बैठका कोणी कोणाशेजारी बसायचं हे ठरवण्यात गेल्या. पाचवीला सतरंज्या वेगवेगळ्या आणल्या आणि कामाला वेग आला.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून एकीचा एक अस्सल नमुना शोधून काढावा, असा पहिला ठराव झाला. चिटणीस हिंदुराव मास्तर सायकलीवर एकवीस गावं फिरले. त्यांना देवळं एकोणचाळीस, तालमी अकरा आणि पाणवठे (कोणाचा कोणता, या तपशिलासह) सत्तेचाळीस सापडले. एकी सापडली नाही. बाविसाव्या गावी, लासुर्ण्याला, ऊन फार झालं म्हणून ते रावजीतात्यांच्या गुऱ्हाळावर रस प्यायला थांबले, आणि तिसऱ्या पेल्याला त्यांच्या ध्यानात आलं की आपण नमुन्यातच उभे आहोत.

गुऱ्हाळ रावजींचं, पण तिथं शब्द चाले इब्राहिमचा. इब्राहिम गुळव्या. उकळत्या रसाची मळी कधी काढायची आणि काहील चुलीवरून कोणत्या क्षणी उतरवायची, हे तो सांगायचा. क्षण हुकला तर गूळ एक तर ओघळतो, नाही तर करपतो. सव्वीस हंगामांत इब्राहिमचा क्षण हुकला नव्हता, आणि काहिलीइतकीच त्याला माणसंही कळत. येईल त्याला रस द्यायचा, गरम गूळ द्यायचा, नाव विचारायचं नाही, असा तिथला रिवाज त्यानंच राखला होता. नाव विचारलं की आळी निघते, आणि आळी निघाली की पेला परत घासावा लागतो. चुलीत चिपाडं सारणारा भिमा रस आपल्या टमरेलात, वरून ओतलेला घेई. पण गरम ढेपा साच्यातून काढून गाडीत रचायचं काम त्याच्याच हातांचं. याला कोणी एकी म्हणत नसे. सोय म्हणत.

हिंदुरावांनी वही काढली.

"नाव काय म्हणालात?"

"कुनाचं?" इब्राहिम म्हणाला.

"सगळ्यांचंच. नाव, जात, धर्म, आणि गुळाला कोणाचा हात नेमका कुठं लागतो ते."

इब्राहिमची नजर काहिलीवरून हलली नाही. "मास्तर, आनखी एक पेला घ्या आन् वही पिशवीत ठिवा. हितं कुनी इचारलं न्हाय म्हनून आजवर चाललंय."

"अहो, मी कौतुकासाठी विचारतोय!"

"त्येच तर. भांडाय आलेल्याला हाकलता येतंय. कौतुकाला आलेल्याचं काय करावं मानसानं?"

रावजींना मात्र कौतुक गोड लागलं. "लिवा, मास्तर, लिवा. आपला गूळ पुन्यापातूर गाजू द्या."

"माझं टमरेल बी लिवताय का?" भिमानं चुलीपाशून विचारलं.

हिंदुरावांनी तेही लिहिलं.

बारामतीच्या बाजाराच्या दिवशी जाहीर सभा झाली. टेबलावर खादी, खादीवर दहा शेरांची ढेप, ढेपेपुढं छापील यादी. अध्यक्ष आप्पासाहेबांनी ती खणखणीत वाचली: ऊस कोणी तोडला, बैलांच्या वाद्या कोणी शिवल्या, काहील कोणी ठोकली, चूल कोणी पेटवली, गूळ कोणी उतरवला, ढेप कोणी उचलली. नावं चौदा, प्रत्येक नावापुढं जात. टाळ्या सव्वादोन मिनिटं पडल्या (चिटणिसांच्या घड्याळाप्रमाणे). मग ढेप फोडून वाटायला काढली. मंडळाच्या अकरा सभासदांपैकी सहा जणांना त्या दिवशी उपवास निघाला, तिघांची दाढ ठणकत होती, एकाला वैद्यानं गोड वर्ज्य केलं होतं, आणि आप्पासाहेबांनी आपला खडा रुमालात बांधून घरी नेला. तो त्यांच्या घोड्याला फार आवडला.

यादीचा मोठा गुण असा की तिच्यात प्रत्येकाला खटकेल असं एक तरी नाव होतं. ज्याला इब्राहिम चालला त्याला भिमा चालेना. भिमाच्या आळीला वाद्या शिवणारा टोचला. इब्राहिमच्या मेव्हण्यानं दोघांचीही चौकशी केली. चौदांतून कोणीच सुटलं नाही. समता म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

पुढच्या बाजारातून रावजींच्या गाड्या भरल्या तशा परत आल्या. सव्वीस वर्षं तोच गूळ खाल्लेली माणसं विचारत होती, "ह्यो यादीतला तर न्हवं?"

एकी धोक्यात आल्याचं पाहून मंडळ हळहळलं. तातडीचा ठराव झाला: प्रत्येकानं आपापल्या लोकांच्या हातचा गूळ खावा, मात्र सर्वांनी एकाच दिवशी आणि एकाच भावनेनं खावा.

रावजी गुऱ्हाळावर आले ते खाली बघतच. "इब्राहिमभाई, तुमच्यात खोट न्हाय. खोट यादीत हाय."

"मग यादी फाडा की, तात्या."

"छापल्याली हाय न्हवं!" रावजींनी घसा साफ केला. "असं करू. गुळव्या म्हनून चरकावरचा आपला महिपती हुबा ऱ्हाईल. तुमी बांबूच्या तट्ट्याआड बसायचं. वासावरनं कळतंच की तुमाला. मजुरी तीच."

"आन् काहील उतरवायचा शबूद?"

"तुमी हळू सांगायचा. महिपती मोठ्यानं म्हनंल."

इब्राहिमच्या घरात खाणारी सात तोंडं. तो तट्ट्याआड जाऊन बसला.

गूळ पहिल्यासारखाच उतरला आणि हातोहात खपला. तट्ट्याआड कोण आहे हे दोन्ही तालुक्यांना माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि छापून आलेलं असणं निराळं. मंडळानं महिपतीला 'ऐक्यभूषण' ठरवून शाल दिली, आणि हार घालायला, दुसऱ्या बाजूचा प्रतिनिधी म्हणून, इब्राहिमला बोलावलं. त्यानं हार घातला. महिपती त्याच्या कानाशी पुटपुटला, "भाई, उद्याच्याला जरा मोठ्यानं सांगा. काल नीट ऐकू आलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी रस उकळला, फसफसला, तांबूस झाला. महिपती तट्ट्याकडं कान करून उभा राहिला.

"भाई?"

तट्ट्याआडून शब्द आला नाही.

"भाई, उतरवायची का?"

भिमानं तट्ट्या बाजूला सारला. मागं कोणी नव्हतं. तोवर काहिलीतून धूर निघाला होता. मंडळाच्या अहवालात नोंद आहे: 'रसाचं आदण करपलं. कारण: लोकांत एकीची जाणीव अपुरी.'

इब्राहिम त्या वेळी साखर कारखान्याच्या फाटकात रांगेत उभा होता. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "काय काम येतं?" आणि पितळेचा बिल्ला दिला. नंबर एकशे बारा. इब्राहिमनं तो दोनदा पुसला आणि सदऱ्याला लावला. मंडळाच्या बैठकीत हल्ली गुळाचा चहा बंद आहे. साखर शुद्ध, तिला माणसाचा हात लागत नाही, असं आप्पासाहेबांचं मत आहे.

जाता जाता एक खुलासा. या हकिगतीत एकाही माणसाची जात लिहिलेली नाही; हवं तर उलटून पाहावं. तरी रावजी कोण, महिपती कोण, आप्पासाहेब कोण, हे सगळे रकाने आपण वाचता वाचताच भरलेत, आणि एकदाही अडला नाहीत. हिंदुराव मास्तरांची बदली झाल्यामुळं मंडळात चिटणिसाची जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही. आपली परीक्षा झाली.