नव्वदीचे टार्पी

मॅलकी टार्पीने त्या सोमवारी डॉक्टरकडे न जाता वाचनालयात जायचं ठरवलं. निर्णय तसा साधाच. पण चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेल्या ह्या माणसाला हल्ली चर्चची चढण चढताना तीनदा थांबावं लागे, आणि तिन्ही वेळा फाटकाला टेकून तो म्हणे, "काय सुरेख दिसतायत गाई!" (त्या गाई जूनमध्येच विकल्या गेल्या होत्या.) त्याच्या बायकोला, अट्रॅक्टाला, रिकामं कुरण दिसत होतं आणि नवऱ्याचे निळसर पडलेले ओठही दिसत होते.

"मॅलकी, डॉक्टरकडे जा."

"कशाला? टार्पी नव्वदीच्या आत मरत नाहीत. पणजोबा अँथनी, त्यांचा भाऊ मायकल, बहीण ऑनर. तिघंही नव्वदीपार गेले. मी एकोणसत्तरचा, म्हणजे आमच्यात पोरसवदाच."

"आणि तुझा बाप?"

"ट्रॅक्टरखाली गेला. तो धरायचा नाही."

"आजोबा?"

"इंग्लंडला गेले ते परत आले नाहीत. असतीलही अजून!"

अट्रॅक्टा हसली नाही. तिचा बाप एकसष्टाव्या वर्षी दलदलीत, वाळवून चुलीत जाळतात ती माती कापता कापता फावड्यावरच कोसळला होता, आणि चहाची किटली घेऊन पोचलेलं पहिलं माणूस तीच होती. "मला पुन्हा कुणासाठी थंड होणारा चहा घेऊन जायचं नाहीये," ती म्हणाली. "तुझे नव्वदीवाले मला छापील दाखव. दाखवलेस तर डॉक्टरचं नाव काढणार नाही. नाही दाखवलेस तर मुकाट्याने जायचं."

"छापील दाखवतो," मॅलकी म्हणाला. छापलेल्या अक्षरावर त्याचा फार विश्वास. आयुष्यभर दुसऱ्यांची पाकिटं वाहिली, त्याचा परिणाम असावा.

जिल्ह्याच्या गावी, कॅसलबारच्या वाचनालयात, नूला गिलव्हारी नावाची मुलगी बसे. तिने त्याला जिल्ह्याच्या जुन्या साप्ताहिकाची फिल्मवर उतरवलेली रिळं काढून दिली आणि यंत्रासमोर बसवलं. पहिली वीस मिनिटं मॅलकी रीळ उलटं लावून वाचत होता. (जुन्या छपाईचं वळण असंच असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.) रीळ सुलटं झालं आणि घबाड सापडलं. १९२५ : "श्री. अँथनी टार्पी, वय नव्वद, यांचे दुःखद निधन." १९२७ : मायकल, एक्क्याण्णव. १९२९ : ऑनर, तीही एक्क्याण्णव. शिवाय गावच्या जुन्या शाळामास्तरांनी लिहिलेलं गावाच्या इतिहासाचं एक पिवळं पडलेलं पुस्तक निघालं. त्यात सरळ लिहिलं होतं, 'टार्पी मंडळी दीर्घायुष्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत.'

मॅलकीने चारही कागदांच्या प्रती काढल्या आणि घरी येऊन बटाट्यांच्या ताटाशेजारी मांडल्या. अट्रॅक्टाने चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि मीठ पुढे सरकवलं. डॉक्टरचं नाव तिने काढलं नाही. दिला शब्द ती पाळत असे, हीच तिची मोठी खोड.

इथेच थांबला असता तर तो मॅलकी कसला! त्याने चर्चच्या साप्ताहिक पत्रकात 'नव्वदीचे टार्पी' असा मजकूर छापून आणला. रविवारी प्रार्थना सुटल्यावर लोक हात हातात घेऊन अभिनंदन करू लागले, जणू नव्वद वर्षं त्यानेच काढली होती. घरी मात्र अट्रॅक्टा गप्प. तो उठायच्या आत ती जळणाची बादली स्वतः आत आणून ठेवी, आणि त्याने जागचं हलावं असं काम घरात उरणार नाही ह्याची काळजी घेई. तिच्या त्या गप्प राहण्याचा त्याला त्रास होई. भांडली असती तर परवडलं असतं.

पत्रकाच्या पुढच्या अंकासाठी आणखी मजकूर हवा म्हणून मॅलकी पुन्हा वाचनालयात गेला.

"बरं झालं आलात," नूला म्हणाली. "तुमचे पणजोबा मला १९०९ मध्येही सापडले. पेन्शन समितीच्या बैठकीत."

आता ही पेन्शनची गोष्ट मॅलकीला माहीत होती. तिकडे कुणाला माहीत नाही? सरकारने तेव्हा सत्तरीपुढच्यांना पेन्शन द्यायचं काढलं. त्या पिढीकडे जन्माचे दाखले नव्हते, म्हणून साहेब लोक विचारत, "१८३९ चं मोठं वादळ आठवतं का?" ज्याला आठवलं तो म्हातारा. आणि काय सांगावं, वादळ सगळ्या जिल्ह्याला आठवलं. पण टार्पींनी असलं काही केलं असेल, हे मॅलकीच्या स्वप्नातही नव्हतं. तो वाचू लागला.

'अर्जदार अँथनी टार्पी यांनी सांगितले, की वादळात घराचे छप्पर उडताना आपण वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिले. साहेबांनी चर्चचे पुस्तक पुढे केले. त्यात अर्जदाराचा बाप्तिस्मा १८५६ साली झाल्याची नोंद होती. अर्जदार म्हणाले, आमच्याकडे बाप्तिस्म्याची घाई नसते. एकविसाव्या वर्षी आपण स्वतःच्या पायांनी चालत गेलो. (हशा.) भाऊ मायकल व बहीण ऑनर यांच्या नोंदी १८५८ व १८६० च्या निघाल्या. दोघांनी सांगितले, की थोरल्याचे झाल्याशिवाय आपले कसे उरकायचे, म्हणून आपण थांबलो. (मोठा हशा.) तिन्ही अर्ज एकमताने मंजूर.'

"किती गोड माणसं!" नूला म्हणाली.

मॅलकीने पेन्सिल मागून घेतली. पंचवीसमधून छप्पन्न, सत्तावीसमधून अठ्ठावन्न, एकोणतीसमधून साठ. मधली शंभर वर्षं मिळवून उत्तर आलं एकोणसत्तर, एकोणसत्तर आणि एकोणसत्तर. त्याने पुन्हा करून पाहिलं. मग नूलाकडून करवून घेतलं. ती शिकलेली मुलगी होती, तिचंही तेच आलं.

मॅलकीला नोव्हेंबरात सत्तर वर्षं पुरी होणार होती आणि सप्टेंबर संपत आला होता. वाचनालयाच्या चार पायऱ्या तो कठडा धरून उतरला. इतके दिवस त्याने धाप लपवली होती ती अट्रॅक्टापासून; आता कळलं की स्वतःपासूनही लपवली होती. त्याला भीती वाटली, आणि सगळ्यात जास्त भीती त्या किटलीची वाटली.

बुधवारी कोंबड्यांचं खाद्य आणतो असं सांगून तो डॉक्टर हेगर्टी बाईंकडे गेला. दवाखाना भरलेला. आतल्या खोलीचं दार दमटपणाने फुगलेलं, ते कधीच नीट लागत नसे. डॉक्टरबाईंनी छाती ऐकली, यंत्र लावून हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली आणि त्या हसल्या.

"इथल्या पट्टीत तर काही दिसत नाही. इस्पितळात तपासून घेऊ. पण घाबरायचं कारण नाही, मी पत्रक वाचलंय ना! घराण्यात सगळे नव्वदीचे. तुम्हाला साध्या, बिनतातडीच्या यादीत घालते. चौदा महिन्यांत बोलावतील."

"चौदा!" मॅलकी म्हणाला. "डॉक्टर, त्या पत्रकाचं काही खरं नाही."

"अहो, छापलंय की."

"छापलंय हो. पण..." त्याने आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. मात्र चाळीस वर्षं फाटकापलीकडून कुत्र्यांवर ओरडून ओरडून त्याच्या गळ्याला खालचा आवाजच राहिला नव्हता. "माझे पणजोबा खोटारडे होते!"

बाहेरची कुजबुज थांबली.

"म्हणजे?"

मग खिशातला कागद काढून मॅलकीने १९०९ सालची बैठक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. पहिल्या कंसाशी बाहेर हशा झाला, दुसऱ्या कंसाशी मोठा हशा झाला. "तिघंही एकोणसत्तराव्या वर्षी गेले, डॉक्टर," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज खरंच खाली आला. "मी एकोणसत्तरचा आहे. चढणीवर मला श्वास पुरत नाही. गाईबिई काही नसतात तिथे. माझ्या बायकोने एकदा एक माणूस असा गेलेला पाहिलाय."

डॉक्टरबाई हसायच्या थांबल्या. त्यांनी फोन उचलला, कुणाशी तरी बरंच खडसावून बोलल्या आणि मंगळवारची वेळ मिळवली.

मॅलकी बाहेर आला. नऊ माणसं घाईघाईने मासिकं वाचू लागली. एक डीलिया रुआन तेवढी त्याच्याकडे पाहत होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, दोन्ही गुडघे नवे बसवलेले, हातात काठी.

"अट्रॅक्टाला मी फोन केला," ती म्हणाली. "गाडी घेऊन निघालीय ती."

"सांगितलंस तिला?"

"सांगायचं काय? दाराशी फोन धरला होता, तिने तुझ्याच तोंडून ऐकलं. आधी रडली. मग बाप्तिस्म्याचं आलं तेव्हा हसायला लागली. मंगळवारचं ठरल्यावर पुन्हा रडली. सावकाश चालव म्हटलंय मी."

 खोलीत बसायला जागा नव्हती. तेवढ्यात डीलिया काठीवर भार देत, कण्हत, हळूहळू उठली आणि आपली खुर्ची तिने त्याच्याकडे सरकवली.

"बस रे बाबा," ती म्हणाली. "तुम्हा टार्पींना उभं राहणं झेपायचं नाही."

नऊच्या नऊ मासिकं हलू लागली. मॅलकीला नको म्हणायचं होतं, पण त्याला खरोखरच दम लागला होता. तो बसला.