झिजू नये म्हणून

सेनगावात आमच्या समोर राहणारे मारोतकाका किराणा दुकानात जायलाही स्कूटर काढत. दुकान त्यांच्या घराच्या भिंतीला लागून होतं. किक मारायची, स्कूटर वळवायची, दुकानापुढे उभी करायची आणि वर बसूनच ओरडायचं, "पावशेर साखर दे रे!"

"यापेक्षा चालत जाणं सोपं," मी एकदा म्हणालो.

"सवाल कष्टाचा न्हाई, सर. झिजायचा हाये."

काकांनी उभी हयात हिंगोली रोडवर काळी-पिवळी जीप चालवली. शरीराचं सगळं ज्ञान त्यांना जीपमधूनच मिळालेलं. पोट म्हणजे टाकी, डोळे म्हणजे हेडलाइट आणि गुडघा म्हणजे टायर. "नवा टायर भेटते. गुडघा कुठून आणावं?" लग्नाचं आमंत्रण आलं की आधी विचारत, "पंगत खाली हाये का टेबलावर?" खाली असली की आहेर दुसऱ्याच्या हाती जाई.

गुडघे दुखत होतेच. मी त्यांना हिंगोलीला, व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "काका, बसून राहिल्यानं मांडीतली ताकद जाते, मग गुडघे जास्त दुखतात. रोज थोडं चाला. खुर्चीत बसून पाय सरळ करा. जरा दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही. पण ताकद यायला महिने लागतील."

काकांनी भक्तिभावानं ऐकलं. बाहेर येताच म्हणाले, "पोरगी गुणाची हाये. पण चालवल्यानं जाड झालेला टायर पाह्यला का तुमी?"

गल्ली त्यांना आळशी म्हणायची. मीही म्हणायचो.

एका सकाळी मी त्यांच्या घरात गेलो. लकवा झाल्यापासून कौसाकाकू खाटेवरच असत. काकांनी वाकून काकूंचे हात आपल्या गळ्यात घेतले, दातओठ खाऊन त्यांना उचललं आणि न्हाणीकडे नेलं. परत आणून निजवलं तेव्हा ते घामानं निथळत होते.

"एखादी बाई लावा ना, काका."

"लावली होती. परक्या हाताची लाजते ही. उठावं लागू नये म्हून पानीच पीत न्हाई." त्यांनी गुडघे चोळले. "बाजारात काहून झिजवू? हिच्यासाठी पुरले पायजेत."

"काकूंसाठीच व्यायाम करा. उचलायला बळ येईल."

दुसऱ्या दिवसापासून खाटेजवळ खुर्ची आली. काका पाय सरळ करत आणि काकू अडखळत दटावत, "आजून... वर." आजारपणात काकू पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा.

पण काही आठवड्यांतच न्हाणीच्या दारात काकांचा पाय मुडपला. दोघंही पडली. काकूंचं मनगट मोडलं. नांदेडहून लेक जावयासोबत गाडी घेऊन आली.

"बाबा, आता तुमच्यानं होणार नाही. तुम्हीही चला."

"जावयाच्या घरी मी कुठं..." एवढंच म्हणून ते भिंतीला धरून उभे राहिले. जावयानं आणि मी काकूंना उचलून गाडीत बसवलं. काकूंचा चांगला हात काकांकडे लांबला होता. दार लावताना लेकीनं तो हळूच आत घेतला.

आठवड्यानं मी गेलो. काका खुर्चीत बसून होते, पाय जमिनीवर, समोर मोकळी खाट.

"व्यायाम चालू आहे ना?"

काकांनी मान वर केली नाही.

"करून काय करू, सर? उचलायला कोण हाये?"

मी खाटेवर बसायला गेलो, तर ते घाईनं म्हणाले, "तिथं नका बसू."

मग मी उभाच राहिलो.