सदूभाऊंचा उलटा हात

सदूभाऊ आमच्या घरी आले की आधी फ्रिजच्या मागे जातात. तिथे वाकून खालच्या मोटरला उजवा हात उलटा लावतात, म्हणजे तळवा नाही, हाताची पाठ. क्षणभर डोळे मिटतात, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात आणि मग ओटीवर येऊन विचारतात, "मास्तर, तुम्ही बरे ना?" माझा नंबर फ्रिजनंतर लागतो याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं. हल्ली वाटत नाही. निवृत्तीनंतर घरात माझ्यापेक्षा फ्रिज जास्त काम करतो, असं आमच्या सौभाग्यवतींचंही मत आहे.

दिवेआगरात आमची दोघांची घरं लागून आहेत. मध्ये कमरेएवढा दगडी गडगा, त्याच्या अलीकडे माझी नारळ-पोफळीची वाडी आणि पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, पलीकडे सदूभाऊ. त्यांनी सगळी नोकरी एका कारखान्यात जळालेल्या मोटरी तांब्याच्या तारेने पुन्हा गुंडाळण्यात घालवली. निवृत्त होऊन गावी आले ते काम सोडून, पण हात काही सुटला नाही. गावातल्या पाण्याच्या पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत कुठलीही मोटर दिसली की त्यांचा उलटा हात आपोआप पुढे जातो. "ताप हाय थोडा," किंवा "न्हाय, बरी हाय," एवढंच निदान. ते चुकल्याचं मला आठवत नाही.

हात उलटाच का, ते मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं समोर बसवून शिकवलं. तळवा लावला आणि मोटरीत करंट उतरलेला असला, तर बोटं मिटतात आणि माणूस चिकटून राहतो. उलटा हात लावला तर झटक्याने सुटतो. त्यांच्याबरोबरचा एक जण तळव्यापायी गेला होता. त्या दिवसापासून त्यांनी तळवा कशालाच लावला नाही. चहाचा कप गरम आहे का, भाकरी निवली का, वहिनींना ताप आहे का, सगळी तपासणी उलट्या हाताने. देवळात आरतीवरसुद्धा ते हात उलटे फिरवतात. गुरव हसतात, पण काही म्हणत नाहीत, कारण देवळाचा पंप भाऊच बघतात.

माझ्या पाहुण्यांना मात्र हे आधी सांगून ठेवावं लागतं. पुण्याचे एक गृहस्थ खाटेवर पालथे पडून लॅपटॉपवर काम करत होते. भाऊ सरळ खोलीत गेले, लॅपटॉपला हात लावला आणि म्हणाले, "हिला गादीवर निजवू नका. खालून श्वास घेते ती." गृहस्थ घाबरून खुर्चीत बसले आणि राहिलेले दोन दिवस खुर्चीतच बसून काम करत होते. जाताना मला म्हणाले, तुमच्याकडचे ते डॉक्टर फार चांगले आहेत.

भाऊंचं आणि गावाचं खरं भांडण प्लास्टिकवरून. आमच्याकडे खारा वारा. लोखंड म्हणू नका, पितळ म्हणू नका, सगळं खातो. म्हणून नवी वस्तू आणली की आम्ही तिचं प्लास्टिक काढत नाही, आणि नसलं तर चढवतो. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, पंपाच्या स्टार्टरला पिशवी, गाडीच्या सीटला पिशवी. शहाण्या दिवेआगरकराच्या खिशात एक घडी केलेली पिशवी आणि सुतळीचा तुकडा असतोच. भाऊ दिसेल ती पिशवी सोडत गावभर फिरतात. त्यांचं म्हणणं, "खारं वर्षात खातं, ताप तासात." लोक मान डोलावतात आणि भाऊंची पाठ वळली की पिशवी परत बांधतात. मीही बांधतो. लपवण्यात अर्थ नाही.

आता शालनवहिनींविषयी. ह्या भाऊंच्या पत्नी. तीन वर्षांपूर्वी वाडीत पोफळीच्या गळून पडलेल्या ओल्या झापावरून पाय घसरला आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरात त्या वॉकर धरून चालतात, पण वाळूत वॉकरही रुततो आणि चाकाची खुर्चीही रुतते. लग्न होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी समुद्रावर जाणारी ही बाई, दारातून गाज ऐकू येते त्या समुद्राला तीन वर्षं दिसली नव्हती. चौघांनी खुर्चीसकट उचलून न्यायची तयारी कितीदा दाखवली. पण पडल्या त्या दिवशी त्यांना असंच खुर्चीत घालून, साडी सावरत, अख्ख्या आळीसमोरून नेलं होतं. ते त्यांच्या मनाला फार लागलं. त्या म्हणाल्या, "आता चौघांनी उचलायचं ते एकदाच." विषय संपला.

दुसऱ्या दिवशी भाऊ माणगावच्या भंगारवाल्याकडे गेले आणि मोडकी इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन आले.

गाडी वर्षभर बनत होती. रुंद चाकं, मध्ये खुर्ची, आणि हाताशी एक खटका. तो वहिनींनी स्वतः दाबायचा, कोणी ढकलायचं नाही. चाचणीला वहिनींच्या वजनाचा माणूस हवा होता. वहिनी वजन सांगेनात. भाऊंनी मला उभा-आडवा न्याहाळला आणि म्हणाले, "तुम्ही तिच्यापेक्षा पाच किलो जास्त असाल. चालेल, हिशेब सुरक्षित बाजूला राहील." अशा रीतीने मी, निवृत्त मुख्याध्यापक, वर्षभर शालनवहिनींच्या जागी बसून किनाऱ्यावर फिरलो. लोकांनी काय काय विचारलं ते इथे लिहीत नाही.

पहिली मोटर पक्क्या रस्त्यावर अशी पळाली की माझी टोपी केतकीच्या बनात गेली. मऊ वाळूत शिरताच मात्र ती जागच्या जागी कण्हू लागली आणि बुडाखालून जळका वास आला. भाऊंनी नाक वर करून सांगितलं, तारेवरचं वार्निश गेलं. त्यांना मोटरीपेक्षा स्वतःचा राग आला होता. "घोडा आणला मी. वाळूत बैल लागतो." मग त्यांनी मोडक्या ई-रिक्षाची मोटर आणली. ती हळू फिरायची, पुढे दातेरी चाकं लावली की आणखी हळू, पण भिंत ओढून नेईल अशी.

तिच्यापायी कंट्रोलर जळाला. कंट्रोलर म्हणजे खटका किती दाबला ते बघून मोटरीला तेवढीच वीज सोडणारी पेटी. ही मोटर गडी, कंट्रोलर मुकादम, असं भाऊ समजावतात. काम गडी करतो, डोकं मुकादमाचं तापतं. आणि खटका घाबरत घाबरत अर्धा दाबून ओझं ओढलं की जास्तच तापतं. पुढची पेटी त्यांनी लागत होती त्याच्या दुप्पट ताकदीची घेतली. फार तापली तर ती आपण होऊन बंद पडायची आणि निवली की पुन्हा चालायची. तिच्यातला ताप बाहेर ओढून घ्यायला पाठीला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा बसवला. मध्ये ताप वाहून नेणारं पांढरं मलम, वरून काळा रंग. पत्रा कुठून आणला ते मी विचारलं, तेव्हा ते एकदम मोटरीच्या बोल्टात गुंतले.

त्याच सुमारास दोन्ही घरांत एक थंड युद्ध चालू होतं. कोजागिरीच्या दुधासाठी आमच्या हिने वहिनींचा मोठा टोप नेला होता. तो घासूनपुसून, आत खोबऱ्याच्या वड्या घालून परतही केला. पुढे दोन महिन्यांनी तो टोप वहिनींना सापडेना. त्यांनी गडग्यापलीकडून अगदी गोड आवाजात विचारलं, तुमच्याकडेच राहिला का हो. हिने तितक्याच गोड आवाजात नाही म्हटलं. त्या दिवसापासून गडग्यावरून येणारी सोलकढीची वाटी बंद झाली. भाऊ हे सगळं रोज बघत होते आणि मान खाली घालून बोल्ट आवळत होते.

शेवटी माघातली एक दुपार ठरली. चारच्या सुमारास पूर्ण ओहोटी, म्हणजे पुढची ओली वाळू घट्ट. अडचण फक्त सुरूच्या झाडांपासून त्या ओल्या वाळूपर्यंतच्या मऊ पट्ट्याची. भाऊंनी तो पावलांनी मोजला होता, एकशे दहा पावलं. वहिनी ठेवणीतली हिरवी साडी नेसल्या. आमची ही चहाचा थर्मास घेऊन निघाली, पण वहिनींपासून दहा हात मागून. सुरूखाली भाऊ वाळू तपासायला पुढे गेले. वारा खारट होता, वाळू उडत होती, आणि खुर्चीच्या उजव्या हाताखाली ती पेटी उघडी पडलेली. माझा हात खिशात गेला. पिशवी काढली, पेटीला छान गुंडाळली, सुतळीने बांधली. वहिनी म्हणाल्या, "बरं केलंत भाऊजी."

गाडी निघाली. वहिनींनी खटका दाबला, तो भीतीने अर्धाच. चाकं रुतत, फिरत, रुतत पुढे सरकत होती. साठ-सत्तर पावलांवर ती एकदम थांबली. वहिनींनी पुन्हा दाबला. काही नाही.

भाऊ धावत आले. पेटीला हात लावायला वाकले आणि त्यांना पिशवी दिसली. मी कबूल केलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले." त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पिशवी सुटली. पेटी भट्टीसारखी झाली होती. घोडागाडीवाले जमले. एक जण बाटलीत समुद्राचं पाणी भरून ओतायला आला, त्याला भाऊंनी लांबूनच अडवलं. दुसरा म्हणाला, काकी, चाळीस-पन्नास पावलांचा तर प्रश्न आहे, आम्ही चौघं उचलतो. चौघं म्हणताच वहिनींचा चेहरा मिटला. त्या समुद्राकडे बघेनात, मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या. भाऊ उकिडवे बसून दर मिनिटाला उलटा हात लावत होते. "हाय अजून." पुन्हा, "हाय अजून." मला ऐकू येईल एवढंच ते म्हणाले, "आज न्हाय पोचली, तर ही परत बसायची न्हाय यात."

माझ्या खिशात दुसरी पिशवी होती, ती हाताला लागत होती.

मग वहिनींनी पदराचं टोक काढलं आणि पेटीला वारा घालायला लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मिक्सर बिघडला तरी हात न लावणारी बाई, आजारी पोराला घालावा तसा वारा घालत होती. न थांबता, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. शेवटी पदर खाली ठेवून त्यांनी आपला हात पेटीला लावला, अगदी भाऊंसारखा, उलटा. आणि तिथेच थांबल्या. मग हात पालटून बोटं हळूहळू पत्र्याच्या काळ्या रंगावरून फिरवू लागल्या. रंगाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. भांड्यांवर घालतात तशी.

त्यांनी ती बोटांनीच वाचली. "सौ. शालन हिस आईकडून."

भाऊ वाळूकडे बघायला लागले.

"अहो, हा माझा टोप."

"बूड फक्त," भाऊ म्हणाले. "जाड होतं. बाजारात एवढं जाड मिळत न्हाय आता."

आमची ही दहा हात अंतर सोडून पुढे आली आणि थर्मासचा पहिला कप वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तिचं मनगट धरलं. दुसऱ्या दिवशी गडग्यावर सोलकढी आली, वाटीभर नाही, तांब्याभर. भाऊंच्या वाट्याला काय आलं ते मला माहीत नाही, पण त्या वेळी वाळूत मात्र वहिनी एवढंच म्हणाल्या, "ताप उतरलाय हिचा. चला." या वेळी त्यांनी खटका पुरता दाबला.

गाडी उरलेली पावलं न अडखळता गेली. ओल्या वाळूवर चाकांचे ठसे उमटत गेले आणि पाणी येऊन चाकांना लागलं तिथे वहिनींनी खटका सोडला. चपला काढल्या. पुढची लाट त्यांच्या पायांवरून गेली आणि त्यांनी डोळे मिटले. आम्ही दोघं मागेच थांबलो. मला रडू येत होतं आणि मी ते वाऱ्यावर ढकललं.

भाऊ समुद्राकडे पाठ करून खुर्चीशी बसले होते. उलटा हात पेटीवर, डोळे मिटलेले. वर्षभर ज्यासाठी खपले ते त्यांच्या पाठीमागे फुटत होतं आणि हा माणूस ताप बघत होता.

"हात काढा तिथून," वहिनी म्हणाल्या. "इकडे द्या."

भाऊंनी हात पुढे केला. सवयीने, पाठ वर करून.

"उलटा नको. सुलटा द्या."

भाऊंना ते जमायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हात पालटला, आणि वहिनींनी तो तळवा आपल्या दोन्ही हातांत मिटून घेतला. भाऊंनी तो सोडवला नाही. अंधार पडेपर्यंत पेटीला कोणी हात लावला नाही.