कन्हारटोल्याच्या मातीची भार सोसण्याची क्षमता

रस्ता मातीवर बांधला जातो, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. रस्ता मातीच्या अहवालावर बांधला जातो. माती जागच्या जागी पडून असते, तिला सही करता येत नाही, आणि पावसाळ्यात तिचा काही नेम नसतो. अहवालाचं तसं नसतं. अहवालाच्या तीन प्रती असतात आणि तो बारा महिने सारखाच कडक राहतो.

हे मी अनुभवाने सांगतो. १९५८ पासून मी बालाघाटच्या एका रस्ते-बांधणी कचेरीत आवक-जावकचा कारकून होतो. त्याच्या दोनच वर्षं आधी आमची राजधानी नागपूरहून उचलून भोपाळला नेली होती. सोबत फायली गेल्या, शिक्के गेले, पुष्कळ साहेब गेले. माती तेवढी इथेच राहिली, कारण तिच्या बदलीचा हुकूम निघाला नव्हता.

लामत्याच्या बाजूला कन्हारटोला नावाचं गाव होतं. (नकाशात शोधू नये. खात्यालाही ते सापडलं नव्हतं.) तिथवर सहा मैलांचा पक्का रस्ता करण्याचं १९६३ साली ठरलं. आता त्या भागातले शेतकरी मातीच्या पाच जाती मानत: कन्हार, मोरंड, सिहार, खर्डी, बर्डी. पैकी कन्हार म्हणजे चिकट काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत गिळते. हे वर्गीकरण अर्थातच अशास्त्रीय होतं. ते कोणीही अनवाणी माणूस चालता चालता करू शकत असे. खात्याकडे सात चाळण्या होत्या, एक तराजू होता, ओली माती घालून पंचवीस वेळा आपटायची एक पितळी वाटी होती, आणि एक दाबयंत्र होतं. साच्यात ठोकून बसवलेल्या मातीत हे यंत्र लोखंडी दांडा दाबतं आणि माती किती जोर धरते ते सांगतं. आकडा मोठा निघाला की रस्ता पातळ चालतो. आकडा लहान निघाला की रस्ता जाड करावा लागतो.

ही सगळी सामग्री डोमाजीच्या ताब्यात होती. डोमाजी आमचा परीक्षण सहायक. सात वर्षांपासून हंगामी. मनुष्य स्वभावाने गरीब, पण कामात मन लावत असे. हा दोष त्याच्या गोपनीय अहवालात दोनदा नोंदला गेला होता.

मे महिन्यात डोमाजीने दर अर्ध्या मैलाला एक असे बारा खड्डे खणून नमुने घेतले. तिसऱ्या मैलावर खड्डा मैनाबाईच्या बांधाला लागून आला. मैनाबाई म्हणजे पन्नाशीची विधवा बाई. मुलगा तिरोडीच्या खाणीत, शेती तीच पाहायची. ती बांधावर उभी राहून पाहत होती.

"काहून खणून राह्यला जी?" तिने विचारलं.

"रस्ता येऊन राह्यला, मावशी. माती तपासाची आहे."

"आता तपासून काय दिसन? आता तं लोखंडावानी आहे. आखाडात ये. इथं माहा बैल फसलता, चार माणसायनं काढला."

"आखाडात कसा येऊ? आखाडात इथं जीप यायले रस्ता नाई."

"मंग?" मैनाबाई म्हणाली.

डोमाजीपाशी याचं उत्तर होतं. शास्त्राने याचा विचार केला आहे. नियम असा की माती साच्यात घालून चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची आणि मगच दाबायची, म्हणजे उन्हाळ्यातही पावसाळा कळतो. डोमाजीने हे तिला नीट समजावून सांगितलं. तिचा विश्वास बसला. तिने त्याला ताक दिलं, आणि जाताना म्हणाली, "खरं लिहिजो, बापू."

कचेरीत आल्यावर अडचण अशी निघाली की नमुने बुडवायचं लोखंडी पिंप उपलब्ध नव्हतं. ते साहेबांच्या खिडकीखाली होतं आणि त्यातल्या पाण्याने दर अर्ध्या तासाला वाळ्याचा पडदा भिजवला जात होता. साहेब थंड राहिले तरच निर्णय शांतपणे होतात, हे कोणालाही पटेल. म्हणून अकरा नमुने कोरडेच दाबण्यात आले. आकडे सुरेख आले: सोळा, अठरा, एकोणीस.

उरलेला बारावा नमुना, मैनाबाईच्या बांधाजवळचा, डोमाजीने घरी नेला आणि बायकोच्या गंगाळात बुडवला.

"चार दिवस आंघोळ कायनं करू मी?" सरिताने विचारलं.

"बालटीनं कर."

"लग्नात माह्या बापानं गंगाळ दिलं ते मातीले आंघोळ घालासाठी दिलं का जी?"

पण तिनेच रोज पाणी वर आलं की नाही ते पाहिलं. पाचव्या दिवशी डोमाजी साचा कचेरीत घेऊन आला आणि यंत्राखाली ठेवला. दांडा दह्यात बोट जावं तसा गेला. आकडा आला दोन.

डोमाजीने दोन लिहिला. कोष्टकाप्रमाणे दोनला रस्त्याचा थर वीस इंच लागतो. बारा किंवा त्याच्या वर असला की आठ इंच पुरतो.

फाइल तीन दिवसांत परत आली. मोठे बाबू खेमराजजी यांनी शेरा मारला होता की, सदर आकडा शेजारच्या आकड्यांशी मिळतीजुळती वर्तणूक करीत नाही. डोमाजीने पुन्हा दोन लिहिला. फाइल पुन्हा परत आली. तिसऱ्या खेपेला खेमराजजींनी त्याला समोर बसवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी आधी चहा मागवला.

"डोमाजी, अकरा नमुने एक सांगून राह्यले अन् एक दुसरंच. लोकशाहीत कोणाचं ऐकाव?"

"बाबूजी, ते अकरा भिजवलेच नाई."

"तेच तं. तू एकालेच भिजवलं, म्हणून तो वेगळा निघाला. मातीचा कसूर नाही, भिजवणाऱ्याचा कसूर आहे." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "तुझा पर्मनंटचा कागद साहेबाच्या टेबलावर आहे. ये फाइल उसके ऊपर रखी है. ही हलली का तो हलन."

डोमाजीने कपबशी बाजूला सारली. दोनच्या डावीकडे फक्त एक लिहायचा होता. सगळ्या आकड्यांत लहान आकडा तो. त्याने लिहिला. बारा झाले. त्याच आठवड्यात तो कायम झाला, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडून पेढे खाल्ले. मीही दोन खाल्ले. ते अंतिम पत्रक वर पाठवताना जावक क्रमांक मीच घातला होता. आतलं वाचण्याचं कारकुनाला कारण नसतं, तरी मी वाचलं होतं.

रस्ता पासष्टच्या उन्हाळ्यात पुरा झाला. त्यासाठी चांगला मुरूम लागतो, आणि तो जवळच मिळाला. गावाची जुनी गाडीवाट टेकडीच्या बर्डी, म्हणजे मुरमाड, जमिनीवरून वळसा घालून जात असे. लांब होती, पण भर पावसातही त्या वाटेने बैलगाडी निघायची. ती वाट पुरुषभर खोल खणून तिचा मुरूम नव्या रस्त्यावर पसरण्यात आला. अशा रीतीने जुन्या वाटेचा दर्जा वाढून ती पक्क्या रस्त्यात सामील झाली. उद्घाटनाला फुलांच्या तीन कमानी होत्या. बस सुरू झाली. मैनाबाई पहिल्या बसने बालाघाटला आली, आणि तिने डोमाजीला कचेरीच्या दारात गाठून घरच्या धानाचे पोहे दिले. "खरं लिहिलं तुनं," ती म्हणाली. डोमाजीने पोहे घेतले.

ऑगस्टमध्ये, बाराव्या दिवशीही पाऊस थांबला नव्हता तेव्हा, दुपारच्या बसने मैनाबाई सुनेला, अनुसयाला, बालाघाटच्या दवाखान्यात आणायला निघाली. अनुसयाला सकाळपासून कळा येत होत्या. तिसऱ्या मैलावर बस थांबली. म्हणजे पुढची चाकं थांबली. मागची खाली जात राहिली. रस्ता वर आला नाही, बाजूला सरकला नाही, त्याने कुठलाही आवाज केला नाही. आठ इंच थर पोळीसारखा वाकला आणि त्याच्या खालून काळा चिखल वर आला. उतारूंनी ढकललं, पळसाच्या फांद्या टाकल्या. टेकडीच्या वाटेने गाडी आणावी म्हणून दोघे जण धावत गेले, आणि वाटेच्या जागी पाण्याने भरलेला खड्डा पाहून परत आले.

चार तासांनी, मागच्या बाकावर, लुगड्याच्या आडोशाने, अनुसया बाळंत झाली. मुलगी होती. ती रडली नाही.

कंडक्टरने आपलं पत्रक चोख भरलं. वाहनाचं नुकसान: नाही. विलंब: साडेपाच तास. चढलेले उतारू एकतीस, उतरलेले उतारू एकतीस. पत्रकात चूक काढायला जागा नव्हती. ते आमच्याकडे माहितीसाठी आलं आणि मी त्याला आवक क्रमांक घातला. मग ते डोमाजीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. का ठेवलं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याने ते वाचलं, घडी केली आणि न सांगता घरी गेला. सरिता पुढे सांगत होती की त्या दिवशी त्याने गंगाळ अंगणात नेऊन राखेने घासलं, आणि घासतच राहिला.

चौकशी झाली. समितीचे तीन सदस्य जानेवारीत, हवा बरी असताना, जीपने तिसऱ्या मैलापर्यंत गेले. त्यांनी काठीने माती ठोकून पाहिली. ती टणक होती. अहवालात तिची क्षमता बारा होती. दोन्ही पुरावे जुळले. निष्कर्ष असा निघाला की कन्हारटोला येथे कन्हार माती असल्याचा लेखी आधार नाही. रस्ता खचला कारण बस जड होती, आणि बस जड होती कारण तीत माणसं बसली होती. म्हणून तोच रस्ता त्याच जाडीने पुन्हा करण्याचं ठरलं. मात्र या वेळी लोकांचं मत घ्यावं, अशी वरून सूचना होती. कचेरीबाहेरच्या फळ्यावर जाहीर सूचना लागली: कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी द्यावी.

अठ्ठाविसाव्या दिवशी मैनाबाई आली. तिच्या हातात अर्ज होता आणि ओल्या फडक्यात मातीचा गोळा. अर्ज पुरता दीड पान होता. त्यात गंगाळ होतं, चार दिवस होते, दोनचा आकडा होता, त्याच्या डावीकडचा एक कोणी आणि कधी लिहिला ते होतं. खाली तिचा अंगठा होता.

खेमराजजींनी अर्ज वाचला, मग पुन्हा नुसत्या अक्षराकडे पाहिलं. "हे कोणी लिहून दिलं, बाई?"

"म्याच लिहिलं," मैनाबाई म्हणाली. "अंगठा नाई दिसत का तुमाले?"

पलीकडच्या टेबलावरून डोमाजी उठला. "अक्षर माहं आहे, बाबूजी," तो म्हणाला. "आकडाही माहाच होता."

मातीचा गोळा अर्जासोबत जोडता येत नाही म्हणून परत करण्यात आला. डोमाजीची बदली तिरोडीला झाली, खडीचे ढीग मोजायच्या कामावर. ऐकतो की तिकडे घर बांधणारी माणसं पाया खणायच्या आधी त्याच्याकडे माती घेऊन येतात, आणि तो भिजवून पाहून खरं काय ते सांगतो. सरिता सोबत गेली. गंगाळही गेलं. अनुसया पुढल्या वर्षी माहेरी बाळंत झाली; दोन महिने आधीच बैलगाडीने जाऊन राहिली होती. रस्ता सदुसष्टला पुन्हा झाला, आठ इंच, आणि त्याच आखाडात पुन्हा खाली गेला.

कारण हरकत ती एकच आली. एकीवर रस्ता अडवता येत नाही. त्या तीस दिवसांत फळ्यासमोरून वकील गेले, मास्तर गेले, तांदळाचे व्यापारी गेले. पुष्कळ जण थांबून सूचना पूर्ण वाचून गेले. मी तर रोज वाचत होतो. पण ज्याला वाचता येतं अशा एकानेही स्वतःच्या नावाने हरकत दिली नाही. दिली ती जिला वाचता येत नव्हतं तिने.

आपल्याला वाचता येतं, हे आपण इथपर्यंत आलात त्यावरून सिद्धच आहे.